वॉर्ड नंबर दोनमधला गुडघा

मला लढाईवर पाठवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात सगळे मला फौजी म्हणतात आणि मग बंदुकीच्या गोष्टी विचारतात. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई चालू होती तेव्हा माझी पोस्टिंग साताऱ्याबाहेरच्या माळावर झाली. तिथे एक कॅम्प उभारला होता. आघाडीवरून परत आलेले आजारी जवान तिथे ठेवत. बरा झालेला जवान परत पलटणीत जाई, न झालेला पेन्शन घेऊन घरी.

मी मेढ्याकडचा. म्हणजे पोस्टिंग घरापासून एका दिवसाच्या चालीवर. माझ्याबरोबर भरती झालेले जहाजात चढले आणि मी मोटारीने साताऱ्याला उतरलो. पहिले काही दिवस मी घरी पत्र लिहिलं नाही.

रँक नाईक, काम नर्सिंग ऑर्डर्ली. वॉर्ड नंबर दोन म्हणजे पत्र्याची एक लांब बराक, बावीस खाटा. या बावीस जणांत गोळी लागलेला एकही नव्हता. सगळ्यांचे सांधे धरलेले. कुणाला पावसात खंदकात बसून, कुणाला मोठ्या तापानंतर, कुणाला हगवणीनंतर. बाहेरून माणूस धडधाकट दिसायचा. सकाळी मात्र त्याला स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नसे. बाकीच्या वॉर्डांतले आमच्या वॉर्डाला 'म्हाताऱ्यांची पलटण' म्हणत.

पाच वाजता रिव्हेली, म्हणजे उठवायचा बिगुल. आमच्याकडे ती वाजली तरी कुणी उठत नसे, उठता येत नसे. मी आणि दुसरा ऑर्डर्ली गरम पाण्याच्या बादल्या फिरवायचो. हात कोपरापर्यंत पाण्यात, दहा मिनिटं. साडेसहाला चहा आणि बिस्किटं, त्यावर अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या. रिकाम्या पोटी गोळी द्यायची नाही, ही स्टँडिंग ऑर्डर. सातला पातळ गरम मेणाचा शेक. नऊला परेड. ती खाटेवरच. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. मग घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून तोच पाय उचलायचा. गुडघ्याला गुडघा सांभाळत नाही, मांडी सांभाळते, असं आमचे डॉक्टर सांगत.

डॉक्टर म्हणजे कॅप्टन ओगले. उंच, बारीक, कमी बोलणारे. मी कॅम्पात आल्या आल्या त्यांनी मला एका खाटेपाशी उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

"हाताची मागची बाजू लाव. आधी डावा गुडघा, मग उजवा. कुठला गरम?"

"उजवा, सर."

"जरासा की खूप?"

"जरासा, सर."

"हे रोज करायचं. प्रत्येकाचं."

मग त्यांनी मला चार प्रश्न पाठ करायला लावले. किती सांधे दुखतात? दोन्ही बाजूंचे की एकच? सकाळी किती वेळ आखडतं? ताप आहे का? दोन्ही हातांची बोटं सुजली, सकाळी तास-दोन तास आखडली, तर तो एक आजार. चालून चालून गुडघा झिजला, दिवस मावळताना जास्त दुखला, तर तो दुसरा. पायाचा अंगठा एका रात्रीत लाल झाला, तर तिसरा. गावाकडे आपण या सगळ्याला एकच नाव देतो, वात. त्यांनी चौथाही सांगितला. एकच सांधा, लालबुंद, तापलेला, आणि अंगात ताप. त्यात पू होतो.

"पहिले तीन उपचारासाठी थांबतात. चौथा थांबत नाही," ते म्हणाले. "दोन दिवसांत सांधा खाऊन टाकतो. कधी माणूसही."

मी मान डोलावली. पाठ केलेलं आणि समजलेलं यांत फरक असतो, तो मला पुढे कळला.

शिपाई ज्ञानू म्हसवडकडचा. घरची मेंढरं. ब्रह्मदेशात हगवण झाली आणि तिच्यामागून दोन्ही गुडघे आणि एक घोटा सुजला. आमच्याकडे आला तेव्हा दोन काठ्यांवर होता. महिन्याभरात एका काठीवर आला. गोळ्यांनी त्याच्या कानात सारखी गुणगुण व्हायची. "नाईक, कानात मेंढरं वरडत्यात," असं तो म्हणायचा. म्हणून साहेबांनी त्याच्या गोळ्या निम्म्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी भरतीच्या तपासणीसाठी तीन दिवस सांगलीला गेले.

त्याच दिवशी सकाळी ज्ञानू उठला नाही.

"उजवा गुडघा लय दुखतोय," तो म्हणाला.

वॉर्डाचे सुभेदार फेरीवर होते. पुढच्या आठवड्यात मेडिकल बोर्ड होतं, कोण आघाडीवर परत जाणार आणि कोण घरी ते ठरवणारं. सुभेदारांनी बरीच नाटकं पाहिली होती.

"बोर्ड आलं की सगळ्यांचंच दुखतं," ते म्हणाले. "शेक द्या आणि परेडला बसवा."

मी शेक दिला. सात वाजता मेण लावलं. नऊ वाजता माझ्या हाताने त्याचा पाय वाकवायला गेलो. त्याने खाटेची पट्टी धरली, दात आवळले. ओरडला नाही. मी म्हणालो, "जरा कळ काढ गड्या, सैल हुईल." त्या दिवशी मी हाताची मागची बाजू लावली नव्हती. मेणाने गुडघा गरम होणारच, असं धरून चाललो होतो.

साडेदहाला मी चादर बदलायला गेलो. मेण काढून तीन तास होत आले होते. तरी गुडघा तव्यासारखा. डावा थंड. थर्मामीटर लावला, एकशे तीन. नडगीवर एक फोड दिसला. खाजवून फुटलेला, भोवती लाली.

"ह्यो कवाचा रं?"

"चार रोज झालं. डास चावला आसंल."

गोळ्यांनी ताप दाबला होता. गोळ्या कमी झाल्या आणि तो वर आला. एकच सांधा, लाल, तापलेला, ताप. चारही प्रश्नांची उत्तरं माझ्यासमोर होती आणि तीन तासांपूर्वी मी त्यावर शेक दिला होता.

सुभेदारांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतः येऊन गुडघ्याला हात लावला, मागे घेतला आणि म्हणाले, "साहेबांना फोन लाव."

सांगलीचा ट्रंक कॉल लागायला पाऊण तास गेला. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी कॅप्टनसाहेबांचा आवाज आला.

"बोल."

"नाईक महादेव, सर. वॉर्ड दोन. शिपाई ज्ञानू. उजवा गुडघा, एकच. लाल, गरम. ताप एकशे तीन. नडगीवर फुटलेला फोड."

"वाकवतो?"

"बोट लावू देत नाही, सर."

"सकाळी काय दिलंस?"

"शेक, सर. आणि वाकवला. मीच."

मग म्हणाले, "शेक बंद. स्प्लिंट लाव, जसा आहे तसा. पाय हलता कामा नये. मेसच्या बर्फपेटीत पेनिसिलिनच्या कुप्या आहेत, सहाच्या सहा आण. इथे सर्जन आहेत, मी त्यांच्याकडे थांबतो. पुण्याला नेऊ नको. तिथे गाड्या भरून जखमी उतरतायत, टेबल मिळणार नाही. किती वाजता निघतोस?"

"बारा, सर."

"नीघ."

पेनिसिलिन तेव्हा फक्त फौजेत मिळायचं आणि तेही मोजून. मेसच्या हवालदाराने चिठ्ठी मागितली. सुभेदारांनी तिथल्या तिथे लिहून सही केली. कुप्या थर्मासात घातल्या, भोवती फोडलेला बर्फ. बारा वाजून दहा मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्स गेटबाहेर पडली.

गाडीत मी, ज्ञानू आणि सीताराम. सीताराम वॉर्डातलाच पेशंट, माधवनगरचा. बाप गिरणीत होता. आला तेव्हा त्याचे दोन्ही कोपर काटकोनात अडकलेले, घास तोंडापर्यंत जाईना. आता हात जवळजवळ सरळ होत होते. मला एक माणूस हवा होता आणि तो विचारायच्या आधीच गाडीत चढून बसला.

"मी पाय धरतो," तो म्हणाला. "तुमी बाकीचं बघा."

रस्ता तेव्हाचा म्हणजे खडी आणि धूळ. स्प्लिंट असूनही प्रत्येक खड्ड्याला ज्ञानूचा चेहरा पांढरा पडायचा. सीतारामने दोन्ही तळव्यांत तो पाय उचलून धरला, खालून, स्प्लिंटसकट. खड्डा आला की धक्का त्याच्या कोपरांत जायचा आणि पाय तसाच राहायचा. उंब्रज गेलं. कऱ्हाडात मी म्हणालो, मी धरतो.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मला आता तोल कळलाय. हात बदलला तर त्येला दुखंल."

पेठच्या पुढे ज्ञानू बरळायला लागला. मेंढरांना नावाने हाका मारायला लागला. मी त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि थर्मासचं झाकण उघडून पाहिलं. बर्फ निम्मा उरला होता. आष्ट्याला पुन्हा पाहिलं, वाटाण्याएवढे तुकडे. त्यानंतर पाहिलंच नाही. ड्रायव्हर मागे न बघता ज्ञानूबद्दल विचारायचा, "हाय का?" मी म्हणायचो, "हाय. चल."

कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. इस्पितळाच्या पायरीवर कॅप्टनसाहेब उभे होते, बाह्या दुमडून, हात धुतलेले.

त्यांनी मला टेबलापाशी उभं राहायला सांगितलं. सर्जननी जाड सुई घातली आणि पिचकारी ओढली. गढूळ, पिवळट पू आला. दुसऱ्यांदा ओढली, तिसऱ्यांदा. सांधा सलाईनने धुतला. थर्मास उघडला तर आत पाणी होतं, पण गार पाणी. कुप्या चांगल्या होत्या. त्याच सुईतून औषध आत सोडलं. मग दर तीन तासांनी दंडात इंजेक्शन. पहिल्या रात्रीची सगळी मी दिली.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "रिपोर्ट लिही. शेक दिला, वाकवला, तेही लिही."

"येस सर."

"तीन तासांनी परत हात लावलास, तेही लिही."

दुसऱ्या दिवशी ताप एकशे एक. सुई पुन्हा घातली, पू निम्म्याने कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी थर्मामीटर काढला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. विश्वास बसेना, झटकून पुन्हा लावला. तेवढाच.

ज्ञानूने डोळे उघडले. "नाईक," तो म्हणाला, "कायतरी खायाला हाय का?"

मी इस्पितळाच्या स्वयंपाकघराकडे निघालो. पेज घेऊन परत आलो.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. म्हसवडहून मिळेल त्या गाडीने, खांद्यावर घोंगडं. तिने मला बाजूला घेतलं.

"आवं, त्येच्या आजालाबी ह्यो वात हुता. आमी बिब्ब्याचा डाग दिला हुता. ह्येला दिऊ का?"

"न्हाई मावशी. ह्यो वात न्हवता. फोडातनं आत घाण गेली हुती, ती काढली."

"मग चालंल का?"

"चालंल. पर आता कुणी डाग दिला तर पुन्यांदा घाण जाईल. चालायचं औषिद ह्येच्या मांडीत हाय, ते मी शिकवतो."

तिने डागाचा विषय पुन्हा काढला नाही. माझ्यासमोर बसून तिने ती मांडी आवळायची परेड स्वतः शिकून घेतली, दहापर्यंत मोजत, पदर खोचून. म्हणाली, माझंबी गुडघं दुखत्यात.

ज्ञानू अडीच महिन्यांनी कॅम्पातून घरी गेला. गुडघा निम्माच वाकत होता. बोर्डाने अनफिट लिहिलं. आता पलटण नाही, हे सांगायला मी गेलो तेव्हा वाटलं तो खट्टू होईल. तो उभा राहिला, काठीशिवाय बराकीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मेंढरांमागं चालाया एवढा बास हाय," तो म्हणाला.

लढाई संपल्यावर कॅम्प मोडला. मी मेढ्याला आलो. अजून लोक येतात. कुणाची बोटं वाकडी, कुणाचा गुडघा. मी डॉक्टर नाही. चार प्रश्न विचारतो आणि हाताची मागची बाजू लावतो. एक सांधा आणि ताप असेल, तर पाणीसुद्धा प्यायला थांबू देत नाही, साताऱ्याला पाठवतो. बाकीच्यांना मांडी आवळायला शिकवतो. माझं काम सोपं आहे आणि त्यात मला समाधान आहे.

पण फौजेची गोष्ट म्हणून विचारलीत, तर हेही सांगायला हवं. आमच्या वॉर्डातून जे नीट बरे झाले ते परत आघाडीवर गेले. ज्यांचे सांधे आम्ही सर्वांत चांगले सोडवले, तेच आधी गेले. त्यांतले तिघे परत आले नाहीत. विठोबा, खटावचा, दोन्ही मनगटं. दत्तू, तासगावचा, डावा घोटा. त्यांचे चेहरे आता पुसट झालेत, ते सांधे मात्र माझ्या हातांना अजून ओळखू येतील.

आणि सीताराम, माधवनगरचा. जायच्या आदल्या दिवशी त्याने दोन्ही हात माझ्यासमोर लांब केले. मी कोनमापक लावून पाहिलं. दोन्ही कोपर पूर्ण सरळ. कागदावर त्याच्या नावापुढे 'फिट' असं मी लिहिलं, आणि कॅप्टनसाहेबांनी खाली सही केली.