खुब्याचा फोटो

आमच्या घरात पहिली स्थळं सांगून आली ती कुत्र्याला. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही नाशिक रोडला राहायचो, बाबा प्रेसमध्ये नोकरीला होते आणि त्यांनी हौसेनं एक अल्सेशियन पाळला होता. कुत्रा देखणा होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. बाबा त्याला घेऊन फिरायला निघाले की रिक्षावाले वेग कमी करायचे. एका रविवारी डॉग शोमध्ये त्याला रिबन मिळाली आणि आमच्या दारात माद्यांचे मालक येऊ लागले. आई पोहे करायची, बाबा कुत्र्याच्या आजोबांपर्यंतची वंशावळ ऐकवायचे. आई म्हणायची, माझ्या भावाचं लग्न जमवताना एवढी चौकशी झाली नव्हती.

पहिला संबंध ओझरच्या एका जोडप्याकडे जुळला. नवरा तिथल्या कारखान्यात होता, मादी मात्र बायकोची लाडकी. पिल्लं झाली आणि रिवाजाप्रमाणे नराच्या मालकाला म्हणून एक आमच्या वाट्याला आलं. ते बाबांनी घोटीच्या मित्राला दिलं. त्याची भाताची गिरणी होती, राखणीला कुत्रं हवंच होतं.

पुढच्या थंडीत आमचा कुत्रा पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलू लागला, सशासारखा. आम्हा बहिणींना आधी गंमत वाटली. मग तो बसला की उठताना कण्हू लागला, जिना टाळू लागला. जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नव्हती, म्हणून डॉक्टरांनी माणसांच्या एका ओळखीच्या एक्स-रे केंद्रात, दुपारी पेशंट संपल्यावर, त्याला भूल देऊन खुब्याचा फोटो काढवला. मग तो फोटो खिडकीशी धरून बाबांना दाखवला. सांध्याची उखळ उथळ होती आणि हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नव्हता. औषधानं दुखणं कमी होईल, वजन वाढू देऊ नका, असं ते म्हणाले. हे रक्तातून येतं, तेव्हा याची वीण आता काढू नका, हेही म्हणाले.

बाबांनी विचारलं, "सगळीच पिल्लं अशी निघतात का?"

"नाही. काही चांगली निघतात. त्या चांगल्यांकडे बोट दाखवूनच लोक पुढची वीण काढतात."

अडचण अशी की पुढचं स्थळ ठरून गेलं होतं. गंगापूर रोडच्या एका बाईंची मादी माजावर आली होती आणि त्या रविवारी पेढे घेऊन यायच्या होत्या. आईनं सुचवलं, कुत्र्याला ताप आहे म्हणा, विषय मिटेल. बाबांनाही ते पटलं होतं, कारण भिडस्तपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बाई आल्या, कुत्र्यानं शेपूट हलवत त्यांचं स्वागत केलं, आणि इतक्या आनंदी कुत्र्याला ताप आहे असं सांगणं बाबांना जमेना. त्यांनी सरळ फोटो आणून दाखवला.

बाईंनी तो धड पाहिलाही नाही. "असं बघायला गेलं तर कुणाचा कुत्रा निर्दोष आहे, भाऊ? तुम्ही फोटो काढलाच नसता तर?"

बाबा म्हणाले, "तर आज हो म्हणालो असतो. पण आता काढलाय."

बाई चहा न घेता गेल्या. पेढे तेवढे राहिले, ते आम्ही दोघींनी संपवले. पुढे कळलं की त्यांनी दुसरा नर शोधला, तोही रिबनवाला. त्याचे खुबे कुणी पाहिले नव्हते.

मग बाबा स्कूटर काढून ओझरला गेले. नवरा ऐकून चहाचं बघायला आत गेला. बायकोनं मात्र विचारलं, दोष तुमच्याकडून आला की आमच्याकडून? दोघांकडूनही असू शकतो, म्हणाले बाबा. तिनं आठवड्याच्या आत आपल्या मादीचा फोटो काढून घेतला. तिचाही सांधा सैल निघाला. तिनं पुन्हा वीण काढली नाही, आणि पिल्लं ज्यांना दिली होती त्यांच्याकडे स्वतः जाऊन आली.

घोटीचं पिल्लू लंगडत होतं. अंगावर पोतं पडलं असेल असं समजून मित्रानं हमालांना बोल लावले होते. बाबांनी पिल्लू परत न्यायची तयारी दाखवली तेव्हा तो म्हणाला, "न्यायचं असंल तर आधी आमच्या आईला इचारा. लय जीव लावलाय तिनं. लंगडं हाय, पण आमचं हाय."

आमच्या कुत्र्याची नसबंदी झाली. कॉलनीत हळहळ अशी, जणू बाबांनी घराणंच बुडवलं. स्थळं बंद झाली. आईनं त्याची तूप-पोळी तोडली, आणि बारीक राहून, आपल्या चालीनं, तो दोन हजार साल उलटल्यावरही बरीच वर्षं जगला. भाजीवाल्या मावशींपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याच्यासाठी थांबायचे.

बाबा डॉग शोला जातच राहिले, पण आता ते देखण्या कुत्र्याच्या मालकाला गाठून खुब्याचा फोटो काढलाय का, एवढंच विचारायचे. बरेचजण टाळायचे. एकदा मात्र एक तरुण जोडपं खाकी पाकीट घेऊन घरी आलं. बाबांनी फोटो उजेडात धरला, उलटा केला, चष्मा बदलला आणि शेवटी कबूल केलं की त्यांना यातलं काही कळत नाही. मग ते तिघं त्याच डॉक्टरांकडे गेले. येताना बाबा फार खुशीत होते. त्या दोघांच्या कुत्रीचे सांधे घट्ट होते, आणि तरीही ती दोघं नराचाही फोटो बघितल्याशिवाय पुढे जाणार नव्हती.