शून्य टक्के पाऊस

माझी धाकटी लेक शाळेत असताना परीक्षेला निघाली की मी दारातून एकच सांगायची, प्रश्न कोरा सोडू नकोस, काहीतरी लिहून ये. तीही लिहून यायची.

कॉलेज संपल्यावर दीड वर्ष ती झेरॉक्सच्या दुकानात उभी होती. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी भाजी एका बाजूला सारून लॅपटॉप मांडायची आणि वेबसाइट बनवायला शिकायची. पहिली वेबसाइट तिने मामासाठी केली, म्हणजे माझ्या थोरल्या भावासाठी. तो शेती करतो. गाव निवडलं की तापमान, वारा आणि पुढच्या तीन दिवसांचा पाऊस दिसायचा. अंदाज तिचा नव्हता. हवामानाची माहिती फुकट देणाऱ्या एका सेवेकडून तिचं पान तो मागून आणायचं. काम अर्धवट असताना पडदा रिकामा दिसे, म्हणून तिने नमुन्याचे आकडे घातले. अठ्ठावीस अंश, आकाश निरभ्र, पाऊस शून्य टक्के. मी पाहिलं आणि म्हटलं, आता कसं भरल्यासारखं वाटतंय. सेवेकडून उत्तर आलं नाही तर हेच आकडे दिसावेत, ही सोय तिने तशीच राहू दिली.

मामा खूश होता. तिला वेधशाळाबाई म्हणू लागला. फोन केला की आधी विचारायचा, छत्री घेऊ की डोकं भिजवू? त्याने लिंक आसपास सगळ्यांना पाठवली. दोनशे माणसं दिवसातून चार-चार वेळा पान उघडू लागली. धाकटी तो आकडा बघून हरखायची, मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते. फुकट सेवा दिवसाला पाचशेच वेळा उत्तर देते, हे तिने सुरुवातीला वाचलं होतं. पण तेव्हा पान उघडणारे आम्ही तिघंच होतो. आता पाचशे दुपारीच भरायचे. त्यानंतर जो उघडेल त्याला नमुना. दिवस कोरडेच चालले होते, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

घेवडा काढणीला आला होता. झाडं उपटून दोन-तीन दिवस शेतातच वाळत ठेवायची असतात. मामाने संध्याकाळी पान पाहिलं आणि उजाडताच माणसं कामाला लावली. त्याचं पाहून आणखी अकरा घरांनी उपटला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस लागला तो तीन दिवस हटला नाही. शेंगांतच दाण्यांना मोड आले.

मामा फोनवर उलट तिचीच समजूत घालत होता, की आभाळाचा कुणी भरवसा द्यावा. तिला ते पटेना. सेवेची उत्तरं तिच्याकडे साठलेली होती, ती तिने उघडली. मामाने संध्याकाळी पान पाहिलं त्याच दिवशी सकाळी पावसाचं ऐंशी टक्के आलेलं होतं. सकाळी पाहणाऱ्यांनी घेवडा उपटलाच नव्हता.

मी म्हटलं, "तो दोष देत नाहीये ना? मग कशाला ओढवून घेतेस?"

"आई, त्याला वाटतंय आभाळ चुकलं."

तिने माझ्यासमोरच फोन लावला आणि नमुन्यासकट सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं, आणि तू शून्य सांगितलंस," मामा म्हणाला.

"हो."

"माहीत नाही म्हणाली असतीस तर थांबलो असतो मी. चार दिवसांनी काही बिघडत नव्हतं." मग म्हणाला, "त्या अकरा घरांना मी नाही सांगणार. तुझं तू सांग."

शनिवारी आम्ही दोघी बसने गेलो. पहिल्या घरातल्या बाईने बसा म्हटलं, पण धाकटीने उभ्यानेच सांगून टाकलं. बाईने कोपऱ्यातलं घमेलं पुढे सरकवलं. शेंगा काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "शिकलेली आहे ना हो तुमची?"

मी मान हलवली. कोरं सोडू नकोस हे शिकवणं माझं, असं तिथे म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. पुढच्या दहा घरीही नाही.

आता उत्तर आलं नाही तर पानावर 'माहिती मिळाली नाही' असं येईल, तेवढं तिने बदललं. त्यानंतर लॅपटॉप कपाटात आहे. पण ते वाक्य अजून कुणाला दिसलेलं नाही, कारण पाचशे संपतच नाहीत. काल दिवसभरात पान पाच वेळा उघडलं गेलं. पाचही वेळा मीच.