पोटात जाते का?

जाहिरातीचा कागद हातात आला की काकू आधी तो वाचायच्या नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून समोरच्या दुकानदाराला विचारायच्या, "पोटात जाते का?"

साडी असेल, चप्पल असेल, कूलर असेल, तर दुकानदार हसून नाही म्हणायचा. मग काकू माइकसमोर उभ्या राहायच्या, उजव्या पायातली चप्पल काढायच्या आणि पाय जमिनीवर दाबायच्या, सोडायच्या, पुन्हा दाबायच्या. पाय लयीत आला की आवाज सुटायचा.

तो आवाज तुम्ही ऐकलेला आहे. नागपुरात राहत असाल तर तो चुकवणं तुमच्या हातात नव्हतंच. सकाळी दूध तापत असताना गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावलेला ऑटो यायचा आणि एक बाई सांगायची, "माझ्या बहिणींनो, फक्त शेवटचे तीन दिवस!" ते तीन दिवस वर्षभर चालायचे हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही त्या सेलला गेलात. मीही गेले. त्या बाईचं नाव तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून मीही ते सांगत नाही.

सदर भागात मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या वर आमची रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद, दार बंद. मालक मशीनवर, काकू माइकवर आणि जाहिराती लिहायला मी. माझं शिक्षण पत्रकांवर झालेलं. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. अंगावरची राख धुऊन रोज संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहायचे. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'धिक्कार' लिहिता येत होतं. अशा मुलीने चपलांच्या सेलवर काय लिहिलं असेल, तुम्हीच विचार करा. माझा पहिला कागद काकूंनी हात लांब धरून वाचला.

"चप्पल घ्याले बोलावून राहिली का तुरुंगात जाले?" त्यांनी विचारलं. मग समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "सुरात सांग वं. बेसूर खरं कोणी ऐकत नाही."

मी भडकले. म्हणजे सुरात खोटं बोलायचं का, असं विचारलं.

"साडीचं खोटं पहिल्या धुण्यात निघून जाते," काकू म्हणाल्या. "बाई दुकानदाराले दोन शिव्या देते, मोकळी होते. पोटात गेलेलं कसं काढशील?"

काकू विणकरांच्या घरातल्या. लहानपणी घरात हातमाग होते आणि त्या खटखटीवरून आईला हाक मारावी लागे, म्हणून नरडं असं झालं, असं त्या सांगायच्या. पायाची सवयही तिथलीच. मागाची पायाखालची पावडी दाबली की सूत उघडतं आणि आडवा धागा नेणारा धोटा त्यातून निघून जातो. तसा काकूंचा पाय दाबला जायचा आणि वाक्य निघून जायचं. पाय वर आला की श्वास. पुढे माग गेले, लग्न झालं, नवरा लवकर गेला. काही वर्षं त्या ऑर्केस्ट्रात गायल्या आणि मग भोंग्याकडे आल्या. याला अधोगती म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. ऑर्केस्ट्रात लोक जेवता जेवता ऐकायचे, भोंगा लोक हातातलं काम थांबवून ऐकतात, असा त्यांचा हिशोब होता.

संगीताबद्दल त्यांना कसलाही धाक नव्हता. खालून वरात गेली आणि डीजेने खिडकीच्या काचा हलल्या की म्हणायच्या, "हे गाणं नाही, गिट्टी फोडून राहिले." सिनेमाच्या चालीवरची आरती ऐकून म्हणायच्या की देवालाही कळत नसेल, आशीर्वाद द्यावा का नाचावं. मशीनने सुरात आणलेला एखादा नवा गायक लागला की कान पुढे करून विचारायच्या, "पोट्टं रडून राहिलं का गाऊन राहिलं?" मी त्यांना मोबाइलवर रील दाखवायचे. काकू लक्ष माझ्या बोटाकडे द्यायच्या. "पाहून राहिली का हाकलून राहिली?"

एकदा एक मिठाईवाला आला. पोटात जाते का, हा प्रश्न त्याला गमतीचा वाटला आणि त्याने संत्रा बर्फीचा डबाच पुढे केला. काकूंनी दोन वड्या शांतपणे खाल्ल्या, तिसरी मला दिली आणि बोट पुसत जाहीर केलं की यात रंग आहे, संत्रं नाही. मिठाईवाला चिडला. मालकाने डोळे वटारले. शेवटी जाहिरात निघाली ती नुसत्या 'ताज्या बर्फी'ची, आणि उरलेला डबा मात्र काकूंनी परत दिला नाही.

औषधाचा कागद आला की असा विनोदही व्हायचा नाही. त्या पायात चप्पल घालायच्या आणि खाली चहाला जायच्या. काहून, असं मी एका दुपारी विचारलं. जेवणाचा डबा उघडा होता. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

फार पूर्वी त्यांनी शुगरच्या एका चूर्णाची जाहिरात केली होती. मोठ्या बहिणीला शुगर. तिने भोंगा ऐकला, चूर्ण आणलं आणि इन्सुलिन बंद केलं. कोणाला सांगितलं नाही. पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय कापावा लागला. त्याच पायाने ती एके काळी माग चालवायची. दवाखान्यात काकू तिच्यावर ओरडल्या, तर बहीण नुसती म्हणाली, "तूच त म्हणली."

काही महिन्यांनी ती गेली. तेव्हापासूनचा तो प्रश्न.

पुढे काकूंना खोकला जडला. वाक्याच्या शेवटी आवाज फाटू लागला. मालकाने संगणकात नवी सोय करून घेतली: काकूंच्या जुन्या रेकॉर्डिंग त्याला ऐकवल्या, आणि मग कागद टाकला की काकूंचा आवाज बाहेर यायचा, आत्ताचा खोकणारा नव्हे, चांगल्या वर्षांमधला. मालकाने काकूंना शाल आणि नारळ दिला, त्याचा व्हिडिओ टाकला आणि म्हणाला, "काकू, आता घरी आराम करा. आवाज आहेच आपल्याजवळ."

काकू जिना उतरता उतरता म्हणाल्या, "जितेपणी श्राद्ध केलं बुवानं." आम्ही दोघी हसलो. ते शेवटचं हसणं होतं, असं मी म्हणत नाही. पण त्यानंतरचं मला आठवत नाही.

त्यानंतर लवकरच शुगरच्या चूर्णाचा कागद आला. चूर्ण वेगळं, कंपनी वेगळी, वचन तेच: गोळ्या सोडा, सुया सोडा. मी टाइप करायला नकार दिला. मालकाने माझ्याकडे पाहिलंही नाही, स्वतः टाइप केलं. मशीनने काही विचारलं नाही. मी नोकरी सोडली आणि सरळ काकूंकडे गेले.

सगळं ऐकून घेऊन त्यांनी मालकाला फोन लावला. माझा आवाज यातून काढ, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पलीकडून मालक समजावत होता की जडीबुटी आहे, त्याने कोणी मरत नाही, आणि रेकॉर्डिंगचे पैसे तर वेळच्या वेळी दिलेले आहेत.

सकाळी काकू माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. ऑटो आम्हाला प्रताप नगरात सापडला, भाजीवाल्यांच्या रांगेपाशी. भोंग्यातून काकू बोलत होत्या, अशा की त्यांच्या तरुणपणीही बोलल्या नसतील. "माझ्या बहिणींनो, शुगर मुळापासून गायब." ऑटोतला माणूस डबे विकत होता आणि भोवती बायामाणसं जमली होती.

काकू गर्दीत घुसल्या. "हा माया आवाज आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मी बोलली नाही. घेऊ नका. सुई बंद करू नका."

घसा बसलेला. प्रत्येक वाक्यामागे खोकला. वर भोंगा चालूच. भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस हसला, "बाई, आवाज त तिकडचा बरा आहे." एका म्हातारीच्या हातात डबा होता. काकूंनी तो तिच्याकडून घ्यायला हात पुढे केला. म्हातारीने डबा छातीशी धरला आणि भोंग्याकडे मान करून काकूंना बजावलं, "मी तिले सालोसाल ऐकून राहिली. ते बाई मले फसवणार नाही."

काकूंचा हात तसाच राहिला. मी ओरडत होते. माझ्या आवाजात धिक्कार होता आणि सूर नव्हता. चार-पाच मोबाइल वर झालेले होते.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. 'भोंग्याशी भांडणारी बाई.' कोणीतरी त्याखाली ठेका टाकला, "मी बोलली नाही, मी बोलली नाही" हे तेवढंच फिरवलं, खोकल्याच्या जागी ढोल बसवला. शाळेतली मुलं त्यावर नाचली, नवरा-नवरी नाचले. एका मोबाइलच्या दुकानाने तो आपल्या जाहिरातीत घेतला. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तुमच्यापैकी कोणी तो चेहरा टाकला असेल, तर मी आता भांडत नाही. एवढंच सांगते की त्या खोकत होत्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक कापलेला पाय होता.

आम्ही तक्रार करायला एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबाने मोबाइलवर जाहिरात लावली आणि काकूंना तेच वाक्य बोलायला सांगितलं. काकूंनी चप्पल काढली, पाय दाबला. "शुगर" हा शब्द तोंडात आला आणि त्या थांबल्या. हे वाक्य मी बोलणार नाही, म्हणाल्या. साहेब म्हणाला, मग आवाज तुमचाच हे सिद्ध कसं होणार? वडिलांकडून शिकले होते तसं मी पत्रक छापलं, प्रताप नगरात दारोदार वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलंही. "ते व्हिडिओवाली बाई का?" असं विचारून मोबाइल काढला आणि दारातच मला तो ठेका वाजवून दाखवला.

त्यानंतर काकू फारसं बोलल्या नाहीत. बोललं की शेजारची पोरं खिदळायची. छातीचा आजार वाढत गेला. मी जायचे, बसायचे. एका सकाळी गल्लीतून ऑटो आला. त्याच चूर्णाची जाहिरात. मी खिडकी लावायला उठले, त्यांनी हातानेच नको म्हटलं. चादरीखाली उजवा पाय हलत होता: दाबला, सुटला. जिथे श्वास घ्यायला हवा तिथे तो वर यायचा आणि थांबायचा. भोंग्यातली बाई थांबत नव्हती.

"दम नाही घेत वं ते," काकू कुजबुजल्या. "एकदाही नाही घेत."

ऑटो दूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ते म्हातारी? सुई घेते का?"

मला माहीत नव्हतं. घेते, असं मी सांगितलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बेसूर गाणाऱ्याकडे पाहायच्या.

त्या गेल्या तेव्हा घरात नात्यातल्या बायका होत्या, सगळ्या विणकरांच्या घरच्या. अंघोळ घालून झाली. एकीने कुठूनतरी मागाचं जुनं सूत आणलं होतं. ती पायांशी बसून दोन्ही अंगठे एकत्र बांधत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो वळला. या वेळी साड्यांची जाहिरात होती. "माझ्या बहिणींनो, फक्त शेवटचे तीन दिवस!"

सगळ्यांचे हात थांबले. सूत धरलेल्या बाईने अर्धवट उठून, वाकून, काकूंच्या ओठांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती पुन्हा खाली बसली आणि तिने गाठ घट्ट ओढली.