कंट्रोलच्या लग्नपत्रिका

लढाईच्या काळात नगर शहरात सर्वांत जास्त बोलला जाणारा इंग्रजी शब्द 'कंट्रोल' हा होता. मी तेव्हा एका साप्ताहिकात बातमीदार होतो. शब्द नेमक्या अर्थाने वापरावा, असे मला तिथे शिकवले होते. या एका शब्दापुढे त्या शिकवणीचा काही उपयोग झाला नाही.

सरकारने तो भाव आणि वाटप बांधून देण्यासाठी आणला. लोकांनी तो उचलला आणि वाटेल तिथे लावला. धान्याचे दुकान म्हणजे कंट्रोल. तिथे मिळणारे लाल, कुबट जोंधळे म्हणजेही कंट्रोल. 'चार दिवस कंट्रोल खाल्लं आणि पोट धरून बसलेय,' असे बायका एकमेकींना सांगत. दुकाने तपासणारा कारकून गल्लीत शिरला की 'कंट्रोल आला' अशी कुजबूज होई. जाडेभरडे लुगडे कंट्रोलचे, आणि पुढे जे जे हलके ते सगळेच कंट्रोलचे. उंचीने कमी, शिक्षणाने कमी अशा नवऱ्या मुलाला 'कंट्रोलचा जावई' म्हटलेले मी एका मांडवात, त्या जावयाच्या देखत, ऐकले आहे. पाहुण्यापुढे अर्धा कप चहा ठेवून 'आमच्याकडे कंट्रोल आहे हो' म्हणणाऱ्या घरांत साखरेचा डबा भरलेला असे.

माझी तक्रार शब्दाबद्दल नव्हती, त्याच्या सोयीबद्दल होती. एकदा 'कंट्रोल' म्हटले की पुढे कोणी काही विचारत नसे. काळ्या बाजारात साखर विकणारा व्यापारी कंट्रोलला शिव्या देई, विकत घेणारा देई, डोळेझाक करणारा कारकूनही देई. आमचे साप्ताहिक त्या व्यापाऱ्याची जाहिरात छापी आणि उरलेल्या जागेत कंट्रोलमुळे समाजाच्या नीतीला लागलेल्या किडीवर अग्रलेख लिही.

जिल्ह्याच्या उत्तरेला साखरेचे कारखाने धुराडी सोडत उभे होते आणि नगरात साखर मोजून मिळत होती. लग्न असेल तर मात्र जादा साखरेचे परमिट मिळे. त्यासाठी पुरवठा कचेरीत अर्ज करायचा, दोन्ही पक्षांनी सह्या करायच्या आणि अर्जाला छापील लग्नपत्रिका जोडायची. हा छापील पत्रिकेचा नियम ज्याने केला त्याची समजूत अशी असावी की, माणसे तोंडाने खोटे बोलतात, छापून बोलत नाहीत. त्याने आमच्या धंद्यातला एकही माणूस पाहिलेला नसावा.

साप्ताहिकाचा स्वतःचा छापखाना होता. पायाने चालवायचे छपाईयंत्र म्हणजे एक ट्रेडल, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या चार केसी आणि ट्रेडल चालवणारे एक वयस्क मुसलमान गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. नियम आला त्या हंगामात पत्रिकांचे काम दुपटीने वाढले. लग्ने काही वाढली नव्हती. गिऱ्हाईक येई, शंभर नव्हे, दोनशे नव्हे, दोन पत्रिका मागे. दोन पत्रिकांवर कोणाचे लग्न होत नाही, हे आम्हाला आणि त्यालाही माहीत असे. अशा पत्रिकेला छापखान्यात 'कंट्रोलची पत्रिका' आणि त्या लग्नाला 'कंट्रोलचं लग्न' असे नाव पडले होते.

"आपण लावतो ती लगनं वरच्याच्या वहीत न्हाईत," चाचा ट्रेडलवर पाय मारत म्हणत. "बरंय. इतक्या जावयांना जागा कुठं द्यायची?"

गिऱ्हाईक मुलीचे नाव बहुधा घरातले, खरे देई, कारण कचेरीत कारकुनाने विचारले तर अडखळायला नको. नवरा मुलगा मात्र कोणी ठरवून आणलेला नसे. ते काम माझ्याकडे येई. संपादकांचे म्हणणे असे की, बातमीदाराला तपशील सुचतात. मी नाव देई, गाव देई, बापाचा व्यवसाय देई. गाव शक्यतो लांबचे. जामखेडच्या पलीकडे जाऊन चौकशी करण्याइतका उत्साह पुरवठा कचेरीत कोणाकडे नव्हता.

एका वकिलाचा कारकून असाच आला. त्याला नव्या घराच्या वास्तुशांतीला साखर हवी होती आणि वास्तुशांतीला परमिट नव्हते. त्याने बहिणीच्या मुलीचे नाव दिले. बहीण सुप्याच्या पुढे एका खेड्यात राहत होती. तिचे यजमान तिथल्या शाळेत शिक्षक. भाचीचे नाव वापरतो आहोत हे त्याने त्यांना कळवले नव्हते. कळवण्यासारखे त्यात काही आहे, असे त्याला वाटले नसावे. नवऱ्या मुलाचे नाव मी लिहिले, गाव खर्डा लिहिले. अर्जावर वरपक्षाची सही या कारकुनाने, म्हणजे मुलीच्या मामाने, डाव्या हाताने केली. साखर मिळाली. शिरा झाला. मीही खाल्ला.

वर्षभराने त्या मुलीचे खरे लग्न ठरले. मुलगा हिवरे बाजारच्या बाजूच्या एका गावचा. बाप शेती करून गावात वजन राखून असलेला माणूस. शिक्षकांनी आमच्याच छापखान्यात पत्रिका छापली, कारण मेहुण्याने हाच छापखाना सांगितला. मी ती खिळ्यांची जुळणी पाहिली, पण मुलीचे नाव आपण आधी छापले आहे हे मला आठवले नाही. असली नावे लक्षात ठेवण्याची मी तसदी घेत नसे.

शिक्षक आणि मुलाचे वडील सह्या करायला बरोबरच कचेरीत गेले. कारकुनाने वही उघडली, बोट खाली नेले आणि थांबवले. पुढचे बोलणे मला त्याच कारकुनाने नंतर, हसत हसत, सांगितले.

"गुरुजी, ह्या मुलीचं लग्न मागच्या वर्षीच झालंय. खर्ड्याला दिलीय. साखर उचललीय."

शिक्षक म्हणाले, "काहीतरी चूक आहे. माझी मुलगी घरी आहे."

"घरी असेल. माहेरपणाला येतात मुली. वहीत आहे ते मी सांगतो."

मुलाच्या वडिलांनी वहीकडे पाहिले, मग शिक्षकांकडे. "गुर्जी, पोरगी लगीन झाल्याली हाय का?"

"नाही हो पाव्हणं. देवाशपथ नाही."

"मंग ह्ये काय लिव्हलंय?"

ती खोटी नोंद वहीत कशी आली असेल हे त्या खोलीत एकट्या कारकुनाला पक्के माहीत होते. त्याच हंगामात त्याने स्वतःच्या नसलेल्या पुतणीचे लग्न लावले होते. पण नोंद खोटी म्हटली की ती मंजूर कोणी केली, हा प्रश्न आला असता. म्हणून त्याने सरकारी आवाजात सांगितले, "ते मला माहीत नाही. कंट्रोल आहे. एका मुलीला एकदाच साखर."

त्या संध्याकाळपर्यंत, कारकुनाच्या टेबलापाशी रांगेत उभ्या असलेल्या लोकांमार्फत, दोन्ही गावांत बातमी पोचली: गुरुजींची पोर टाकलेली आहे आणि बाप दुसऱ्यांदा उजवतोय. आमचे साप्ताहिक जिल्ह्यात पोचायला तीन दिवस घेई.

शिक्षकांनी मेहुण्याला गाठले. मेहुण्याने कबूल केले, पण फक्त त्यांच्यापुढे. लिहून द्यायला, चारचौघांत सांगायला नकार दिला. वकिलाकडची नोकरी जाईल, शिवाय खटला होईल. "भाऊजी, थोडे दिवस दम धरा. कंट्रोल उठला की वह्या जाळतील," असा त्याचा सल्ला होता. मुलगी सतरा वर्षांची होती. सोयरीक मोडली तर त्या पंचक्रोशीत तिला दुसरे स्थळ येणार नव्हते, आणि मामा कंट्रोल उठण्याची वाट पाहायला सांगत होता.

शिक्षक मग आमच्याकडे आले. गेल्या वर्षीची पत्रिका खोटी होती, असे दोन ओळींचे निवेदन छापा, एवढीच त्यांची मागणी होती. संपादकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पत्रकारितेच्या जबाबदारीवर बरेच बोलले. निवेदन छापता येणार नव्हते, कारण पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचे नाव होते. चहात साखर होती. शिक्षकांनी तो प्यायला नाही.

या प्रकरणात चौकशी म्हणावी अशी चौकशी एकाच माणसाने केली: मुलाच्या वडिलांनी. त्यांनी वहीतले नाव ध्यानात ठेवले, पुतण्याला खर्ड्याला पाठवले. पेट्रोललाही कंट्रोल असल्यामुळे सर्व्हिस मोटारी कोळशाच्या धुरावर चालत आणि प्रत्येक चढावर उतारूंना ढकलायला उतरवत. पुतण्याला जाऊन यायला तीन दिवस लागले. त्याने किल्ल्यापासून वेशीपर्यंत विचारले. त्या नावाचा माणूस तिथे नव्हता, कधी नव्हता. हे आम्हाला एकाही बातमीसाठी करावेसे वाटले नव्हते.

मग ते स्वतः छापखान्यात आले. संपादक बाहेर गेले होते. मी त्यांना बसा म्हटले. ते उभेच राहिले.

"ह्यो माणूस कुठं हाय?" त्यांनी नाव सांगून विचारले.

"कुठेच नाही."

"मेला?"

"नाही. नव्हताच. मी लिहिला तो."

त्यांनी केसीतला एक खिळा उचलून पाहिला. चाचांनी ट्रेडल थांबवली होती.

"आसं किती लिव्हलं?"

मी मोजले नव्हते, तसे सांगितले.

"माझा गुर्जींवर इस्वास हाय," ते म्हणाले. "पर भावकी बोलती. उद्या पोरगी नांदाया आली की बायका तिला इहिरीवर पानी भरू देणार न्हाईत. तुमी गावात या, आन हितं बोलला त्ये तितं बोला."

संपादकांना मी विचारले. ते म्हणाले, "जा, पण तोंडी सांग. लिहून देऊ नकोस, आणि छापखान्याचं नाव घेऊ नकोस." मी दोन्ही अटी मान्य केल्या. तिसरी घातली असती तर तीही केली असती.

गावात मारुतीच्या पारावर वीसपंचवीस माणसे होती. शिक्षकही आले होते. टोपी मांडीवर ठेवून खाली बघत बसले होते. मामा आला नव्हता. त्याला त्या दिवशी कोर्टात काम निघाले होते. मी उभा राहिलो आणि जे घडले ते क्रमाने सांगितले: साखर कशासाठी हवी होती, मुलीचे नाव कोणी दिले, नवऱ्याचे नाव कोणी रचले. मला वाटते, इतकी खरी बातमी मी त्या सबंध वर्षात दिली नव्हती.

मग मागून एक तरुण आवाज आला, "मंग आमालाबी येक बायकू लिवून द्या की, सायेब! न्हाईतर आमचं जमत न्हाई."

पार हसून हलला. "गोरी लिवा, गोरी!" दुसरा ओरडला. "आन सासरा कारखान्यावाला!"

एक म्हातारे हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "तुमी छापता त्ये खोटं. मंग बोलता त्ये खरं कशावरनं?"

उत्तर मुलाच्या वडिलांनी दिले. "ह्यांच्यावर कोन इस्वास ठेवतंय, तात्या? पुतन्या माझा खर्ड्याला जाऊन आला. ह्यांना म्या एवढ्यासाठी आनलं, की खोटं लिवनारा कसा दिसतो त्ये समद्यांनी बघावं. बघितलं?"

"बघितलं," म्हातारे म्हणाले.

"मंग लगीन ठरल्या दिवशी. साखर नगं, परमीट नगं. गुळाची लापशी करू. आन छापल्याली पत्रिका वाटायची न्हाई. दारोदार जाऊन आवतान देऊ. गुर्जी, चालंल?"

शिक्षकांनी मान हलवली. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

मोटारीच्या रस्त्यापर्यंत मुलाचे वडील माझ्याबरोबर आले. वाटेत ते पाण्याबद्दल बोलले, त्या बाजूला ते कमीच. मोटार दिसली तेव्हा म्हणाले, "आवतान तुमाला न्हाई. वाईट वाटून घिऊ नका."

मी वाईट वाटून घेतले नाही. तसे करण्याचा हक्क मला नव्हता, आणि तो नसल्याचे कळण्याइतके माझे शिक्षण झाले होते.

लग्न झाले. साखरेविना, पत्रिकेविना आणि आमच्या साप्ताहिकात एका ओळीविना. मामा पहिल्या पंगतीला, नवा फेटा बांधून, वाढपावर होता, असे नंतर कळले. त्याला बहिणीच्या तोंडाकडे बघून कोणी काही बोलले नाही.

महिन्याभराने बातम्यांसाठी पुरवठा कचेरीत गेलो. कारकुनाने मला जवळ बोलावले.

"त्या गुरुजींचं काय झालं? पुन्हा अर्ज आला नाही. सोयरीक मोडली वाटतं."

"लग्न झालं," मी म्हणालो.

"कसं होईल? साखर कुठून आणली?"

"गुळावर केलं."

त्याने वही काढली, मुलीच्या नावापाशी बोट ठेवले आणि नव्या नोंदीच्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिला. मी खोटे बोलतो आहे, असे त्याला वाटत होते हे स्पष्ट दिसत होते. "पत्रिका दाखव," तो म्हणाला.

मी म्हणालो, छापलेली पत्रिका वाटलीच नाही. तेव्हा त्याने वही मिटली आणि दौतीचे झाकण लावत, माझी कीव आल्यासारखा, म्हणाला, "मग कोणीतरी तुला बनवलंय. परमिट नाही, पत्रिका नाही, आणि म्हणे लग्न झालं."

मुलगी तेव्हा सासरी नांदत होती, आणि विहिरीवर पाणी भरायला तिला कोणी अडवत नव्हते. कारकुनाची समजूत काढण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.