बाईंचे तास

बाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली यायचा. एरवी त्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात बोलायच्या. पण खरोखर संतापल्या की शब्द इतके हळू आणि सुटे सुटे यायचे, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई घाबरली. आम्हाला ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघरात बाई कुजबुजायला लागल्या की आम्ही टीव्ही बंद करायचो.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत वसलेलं ते युनिव्हर्सिटीचं गाव. दोन हजार चार-पाचचा सुमार. मी सिव्हिलमध्ये मास्टर्स करत होते आणि आम्ही तिघी मुली एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. खालच्या मजल्यावर बाई राहायच्या, त्यांच्या चार वर्षांच्या जुईबरोबर. नागपूरला त्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, म्हणून सगळ्या मराठी पोरापोरींच्या त्या बाई. लग्न करून इकडे आल्या, ग्रीन कार्ड झालं, जुई झाली, आणि मग नवरा टेक्सासला नोकरीला म्हणून गेला तो गेलाच. मागून फक्त घटस्फोटाचे कागद आले. हे सगळं त्यांनी मला भाजी चिरता चिरता सांगितलं आणि वर म्हणाल्या, "या विषयाला यापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही."

नागपूरची एमएस्सी इथल्या शाळेला चालत नव्हती. शिकवायचं तर आधी आणखी कोर्स करायचे, परवाना काढायचा. तोवर बाई गावाबाहेरच्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या. सकाळी जुईला डे-केअरमध्ये सोडून बस पकडायच्या. त्या डे-केअरचा बराचसा खर्च काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या, एका योजनेतून भागायचा. कमी पगाराच्या नोकरदार आईबापांसाठी ती योजना होती. अट एवढीच, की आईनं, आणि बाप घरात असेल तर त्यानंही, आठवड्याला ठरलेले तास काम केलं पाहिजे. नुसतं शिकणं त्यात धरत नाहीत. शिकायचं असेल तर कामाबरोबर शिका. म्हणजे ज्या कोर्सनं बाईंची हॉटेलातून सुटका झाली असती, तो करायला हॉटेल सोडायची सोय नव्हती.

ही योजना बाईंनी समजून कशी घेतली, ते मी पाहिलं होतं. त्यांची एक सवय होती. काही कळलं नाही की त्या सरळ म्हणायच्या, "परत सांगा, मला समजलं नाही." काउंटरवरचा माणूस घाईघाईनं तेच वाक्य परत म्हणे. बाई परत तेच. मागे रांग ताटकळे, माझे कान तापायचे, बाई मात्र निवांत. बसमध्ये मला म्हणाल्या, "वर्गात एकाला समजलं नाही तर पोराची चूक असू शकते. सगळ्यांनाच समजत नसेल, तर शिकवणाऱ्यानं फळा पुसून पुन्हा लिहावं." त्या रांगेत खरंच कुणालाच धड काही समजलेलं नसायचं. शेजारी उभी असलेली डेब्रा तर मूळची तिथलीच होती, बाईंबरोबर त्याच हॉटेलात काम करायची, जुळ्या मुलांची एकटी आई. तिलाही सगळं बाईंनीच समजावून सांगितलं होतं.

आपल्या लोकांना मात्र हे सगळं लाजिरवाणं वाटायचं. गणपतीला गावातली पंचवीस-तीस मराठी माणसं एका काकांच्या घरी जमायची. काका जुने, मोठ्या हुद्द्यावरचे, तळघरात टेबल टेनिस वगैरे असलेलं घर. त्यांनी पंगतीत सगळ्यांदेखत बाईंना सांगितलं, की आपल्या लोकांनी असे सरकारी पैसे घेऊ नयेत, आपल्या कम्युनिटीचं नाव खराब होतं, आणि पुढे सिटिझनशिपही अडकेल. सिटिझनशिपचं बाईंनी ऑफिसात आधीच विचारून घेतलं होतं. जुई इथे जन्मलेली, योजना तिच्यासाठी, त्यामुळे काही अडकत नव्हतं. तेवढं सांगून त्या थांबल्या असत्या. पण काका पुढे म्हणाले, "आम्ही नाही कधी कुणापुढे हात पसरला."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. काकांना वाटी हातात धरून पुढे झुकावं लागलं.

"काका, तुमची दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली ना? ते हात पसरणं नव्हतं? माझ्या पगारातूनही टॅक्स कापतात. जुई अजून शाळेच्या वयाची नाही, एवढाच काय तो फरक."

काकू उगाच कोशिंबीर घेऊन आल्या. पुढच्या वर्षी बाईंना गणपतीचं बोलावणं आलं नाही. काकांकडचे मोदक मी त्यानंतर कधी खाल्ले नाहीत. आजही त्या घराची आठवण झाली की माझं डोकं फिरतं. त्याच तळघरात टेबल टेनिस खेळता खेळता काका आम्हा पोरांना टॅक्स कसा वाचवायचा ते शिकवायचे.

खरा घोळ झाला तो उन्हाळ्यात. युनिव्हर्सिटीच्या गावाचं एक असतं. मे महिन्यात पोरं घरी गेली की गाव ओस पडतं. फुटबॉलच्या मॅचेस नाहीत, पालक येत नाहीत, हॉटेलं रिकामी. मग हॉटेलवाले बायकांच्या शिफ्ट कापतात. बाईंच्या कापल्या, डेब्राच्याही कापल्या. तास अटीच्या खाली गेले. जूनमध्ये काउंटीचं पत्र आलं, की तुम्ही आता पात्र नाही. जुईची डे-केअरमधली जागा गेली.

मी बाईंबरोबर ऑफिसात गेले. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, वागायला वाईट नव्हती. बाईंनी विचारलं, की वर्षभर मी ठरल्यापेक्षा जास्तच तास काम करते, दर उन्हाळ्यात कमी होतात, ऑगस्टच्या शेवटी परत वाढतात. वर्षाची सरासरी काढा ना. ती म्हणाली, आम्ही अलीकडच्या काही आठवड्यांच्याच पगाराच्या चिठ्ठ्या बघतो.

"मग ऑगस्टमध्ये तास वाढले की जागा परत मिळेल?"

"नव्यानं अर्ज करावा लागेल. मग वेटिंग लिस्ट आहे."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही."

"परत सांगा," बाई म्हणाल्या, "मला समजलं नाही." पण या वेळी आवाज पार तळाला गेलेला होता आणि काचेपलीकडच्या त्या मुलीला काहीच ऐकू आलं नाही. तिनं पुढच्या माणसाला बोलावलं.

अपील करता येतं, हे आम्हाला कळलं आणि बाईंनी ते केलंही. मुदतीच्या पहिल्या काही दिवसांत अपील केलं असतं तर निकाल लागेपर्यंत डे-केअर चालू राहिलं असतं, हेही कळलं, पण ते दिवस टळून गेल्यावर. ते सांगायची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

ऑगस्टात पोरं परतली, हॉटेल भरलं, बाईंना हवे तेवढे तास मिळायला लागले. आता तास होते आणि मुलीला ठेवायला जागा नव्हती. आम्ही पाळ्या लावल्या. जुई कधी माझ्या लॅबच्या बाहेरच्या बाकावर चित्रं काढत बसायची, कधी आमच्यातल्या एकीबरोबर लायब्ररीत. ती गुणी पोर होती. मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची आणि कुणालाही विचारायची, "आर यू माय टीचर टुडे?" पण परीक्षा आल्या, आमच्या मीटिंगा बदलल्या, पाळ्या विस्कटल्या. मग बाई तिला हॉटेलात न्यायला लागल्या. एक खोली आवरून होईपर्यंत जुई शेजारच्या आवरलेल्या खोलीत पलंगाच्या कडेवर पाय न हलवता बसून राहायची. चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, असं तिला बजावलेलं असायचं. चार वर्षांचं पोर तासन्तास सुरकुती न पाडता बसतं, याचा विचार केला की मला अजूनही काहीतरी फोडावंसं वाटतं.

थंडीत एके दिवशी मॅनेजरनं तिला पाहिलं आणि बाईंची नोकरी गेली. बाई काउंटीच्या ऑफिसात गेल्या, तर आता उत्तर आणखी सोपं झालं होतं. काम नाही, तर डे-केअर नाही. काम शोधायला मुलीला कुठे ठेवू, तर त्याची सोय काम असलेल्यांसाठी. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "काय करून राहिलो आपण इथे, सांग बरं," असं त्या अस्सल नागपुरीत म्हणाल्या. मी चहा टाकला.

दोन आठवडे त्या घरातच होत्या. मग डेब्राची आई शेजारच्या गावातून आली आणि म्हणाली, जुळ्यांबरोबर तिसरं पोरही सांभाळते. त्या आजीचे गुडघे दुखायचे, तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं, आणि जुईला ती मॅकरोनी चीज खायला घालून खुशीत ठेवायची. एकाही मराठी घरानं तेवढं केलं नाही. बाईंना एका नर्सिंग होमच्या धुलाईघरात काम लागलं.

अपिलाची सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी वसंतात झाली. फोनवर. आमच्या अपार्टमेंटमधला फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. पलीकडे सुनावणी घेणारे अधिकारी आणि काउंटीच्या ऑफिसातली एक बाई. इकडे बाई, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, आणि धीर द्यायला मी. आदल्या दिवशी मी त्यांना एकच विनवणी केली होती, की बाई, मोठ्यानं बोला, फोन आहे, राग आला तरी मोठ्यानं बोला.

काउंटीची बाई बराच वेळ नियम वाचत होती. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. फोनसमोर कुणी उभं राहतं का, पण त्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा. इंग्रजीतच बोलल्या, साध्या वाक्यांत, खणखणीत. म्हणाल्या, "या गावात उन्हाळ्यात सगळ्यांचंच काम कमी होतं, हे ऑफिसला माहीत आहे, कारण ऑफिस याच गावात आहे. उन्हाळ्यात माझे तास लहान होतात. माझी मुलगी उन्हाळ्यात मोठी होत नाही."

मग अधिकाऱ्यांनी काउंटीच्या बाईला विचारलं, की तास कमीजास्त होत असतील तर सरासरी धरायची तरतूद आहे, ती तुम्ही लावली होती का. ती म्हणाली, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

पद्धत नाही. तरतूद होती, पद्धत नव्हती. जवळजवळ वर्षभर एक बाई काउंटरपुढे उभी राहून ज्या गोष्टीसाठी भांडत होती, ती आधीपासूनच नियमांत होती. मी रडले, पण ते आनंदानं नव्हे.

निकाल बाईंच्या बाजूनं लागला. तो हातात पडायला ऑगस्ट उजाडला. त्याच महिन्यात जुई पाच वर्षांची झाली आणि शाळेची पिवळी बस दाराशी यायला लागली. सरकारी शाळा, काकांची मुलं गेली तीच. आता डे-केअरच्या जागेचं बाईंना काही काम नव्हतं. तरीही त्या निकाल घेऊन ऑफिसात गेल्या, डेब्राला बरोबर घेऊन. डेब्राची केस तशीच होती, तिचीही सरासरी काढा म्हणाल्या. काढली. जुळ्यांना जागा मिळाली. परत येताना डेब्रा बसमध्ये बाईंचा हात धरून बसली होती.

त्याच वर्षी डिसेंबरात बाईंनी गाव सोडलं. शिकागोजवळ शॉमबर्गला त्यांची एक मावसबहीण होती. तिच्याकडे राहून शिकवण्याचा परवाना काढायचा असं ठरलं. जुई आता शाळेत, त्यामुळे दिवसाचे तास त्यांच्या स्वतःच्या हातात आले होते. मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेले. बर्फ रस्त्याच्या कडेला काळं पडून साचलेलं. जुई बॅगेवर बसून मला बाय करत होती, बस यायच्या आधीपासूनच.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बाई, शेवटी जिंकलात ना पण."

त्यांनी जुईच्या टोपीची नाडी बांधली, गाठ नीट बसली का पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"जिंकले कुठे गं? मी बरोबर होते, एवढंच त्यांनी कबूल केलं. बरोबर तर मी जूनमध्येही होते."