तळीत पडलेली कवळी
परवा गच्चीतल्या टाकीतून कुजलेल्या पानांचा वास आला आणि मला आमच्या गावची तळी, म्हणजे पायऱ्यांचं छोटं तळं, आठवली. एका मे महिन्यात मुलं पोहायला उतरण्याआधी आम्ही घरची सगळी मंडळी तिथली पानं आणि शेवाळ काढत होतो. बोटीवरून निवृत्त झालेले काका पायरीवर उभे राहून नुसते हुकूम सोडत होते. "मेल्यांनो, मुळासकट ओढा!" असं ओरडताना त्यांची नवी कवळी निसटली आणि थेट पाण्यात गेली. "फोधा! फगळे फोधा!" काका ओरडले. हसून हसून आमचे हात गळाले, पण काकूने पदर खोचला. "कवळी मिळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही हो! मासे खाणार कशाने हे?" मग आम्ही गुडघाभर पाण्यात तळ चाचपला, एकूण एक पान बाहेर काढलं. दुपार कलल्यावर शेवाळाच्या एका गुंत्यात कवळी मलाच सापडली. काकूने ती धुऊन दिली. काकांनी ती तोंडात बसवली, दोनदा दात वाजवून पाहिले. आता शाबासकी मिळणार म्हणून आम्ही उभे, तर ते म्हणाले, "त्या फणसाखालचा कोपरा राहिला रे." आम्ही निमूट पुन्हा पाण्यात उतरलो. तेवढी स्वच्छ तळी मी आजवर पुन्हा पाहिलेली नाही.