फळ्यावरची दाढ
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला सोनाळ्याकडच्या शाळेतला तो सातवीचा वर्ग आठवतो. पत्रे तापलेले, माझ्या दुखऱ्या दाढेत त्याच तेलाचा बोळा, आणि मी फळ्यावर दाढेची आकृती काढून शिकवत होते, "वरचं कवच हाडाहून टणक. पण कीड त्याला बारीक छिद्र पाडून आत शिरली, की खालचा मऊ थर पोखरत थेट नसेपर्यंत जाते. वरून दात धडच दिसतो." दाढा कशा दळतात ते दाखवायला मी दुखणं विसरून भाजका हरभरा चावला आणि कडकन आवाज झाला. तळहातावर माझ्याच दाढेचा तुकडा पडला, वरून पांढरा, आतून तपकिरी, भुसभुशीत. पुढच्या बाकावरच्या मुलीनं निरागसपणे विचारलं, "मॅडम, तुमाले सगळं माईत होतं, तं दवाखान्यात काऊन नाही गेल्या?" वर्ग हसला. माझे कान तापले. पदर तोंडाशी धरून मी कशीबशी म्हणाले, "सुईची भीती वाटते गं." तशी ती उठून जवळ आली, तोंड उघडून आपली काळी दाढ दाखवत हळूच म्हणाली, "मले बी भेव लागते." पुढच्याच सोमवारी तिच्या आईला घेऊन आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिची कीड नसेपर्यंत पोचली नव्हती, दाढ वाचली. माझी काढावी लागली. आता दातांचा धडा शिकवताना मी हा प्रसंग मुलांना सांगते, पण तिच्या प्रश्नापाशी आले की अजूनही मान आपोआप फळ्याकडे वळते.